मराठी वाङ्मयेतिहासातील नामसाम्याचा प्रश्न : मुकुंदराज, चांगदेव आणि नामा

१. विषयप्रवेश

प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना कालनिर्णय, कर्तृत्वनिर्णय आणि स्थलनिर्णय हे तीन प्रश्न वारंवार उपस्थित होतात. वरवर पाहता हे प्रश्न परस्परांपासून वेगळे दिसत असले, तरी अनेकदा त्यांच्या मुळाशी एकच अडचण असते. ती म्हणजे नामसाम्य. एकाच नावाच्या दोन व्यक्ती एक समजल्या गेल्या म्हणजे एका कवीचे आयुष्य नको तितके लांबते आणि दुसऱ्याचे अस्तित्वच पुसले जाते. उलट, एकाच व्यक्तीच्या दोन बाजू परस्परांशी विसंगत वाटल्या म्हणजे 'एकाच नावाचे दोघे असावेत' असे सोयीचे अनुमान पुढे येते. स्थळांच्या बाबतीतही असेच घडते. ग्रंथात आलेले ग्रामनाम दोन ठिकाणी सापडले की दोन्ही ठिकाणचे अभिमानी आपापला हक्क सांगू लागतात.

प्रस्तुत लेखात मराठीच्या आरंभकाळातील तीन उदाहरणे घेऊन या प्रश्नाचे स्वरूप तपासावयाचे आहे. कोणत्याही वादाचा अंतिम निर्णय देणे हा येथील हेतू नाही. नामसाम्यावर आधारलेला पुरावा कोठवर चालतो आणि कोठे थांबतो, हे पाहणे एवढाच हेतू आहे.

२. नामसाम्याची कारणे

मध्ययुगीन महाराष्ट्रात नामसाम्य इतके विपुल का, याचा आधी विचार केला पाहिजे. व्यक्तिनामे प्रामुख्याने देवतांची असत व देवतांच्या नावांचा साठा मर्यादित होता. शिवाय घराण्यातील पूर्वजाचे वा दिवंगत आप्ताचे नाव मुलास ठेवण्याची प्रथा होती. भोसले घराण्याचे उदाहरण सर्वपरिचित आहे. शहाजीराजांचे ज्येष्ठ पुत्र संभाजी कनकगिरीच्या लढाईत मारले गेले. पुढे १६५७ मध्ये जन्मलेल्या शिवाजीराजांच्या पुत्राचे नावही संभाजी ठेवण्यात आले. राजारामांच्या दोन पुत्रांपैकी ताराबाईंचा पुत्र शिवाजी, तर राजसबाईंचा पुत्र संभाजी. एखाद्या कागदात केवळ 'संभाजीराजे' एवढाच उल्लेख असेल, तर तिथी आणि प्रसंग पाहिल्यावाचून व्यक्ती निश्चित करता येत नाही.

ग्रामनामांची स्थिती याहून निराळी नाही. वड, पिंपळ, आंबा, उंबर या वृक्षांवरून किंवा ग्रामदेवतेवरून गावांना नावे पडली आणि अशी नावे प्रत्येक परगण्यात उगवली. लोकव्यवहाराने त्यावर आपले उपायही शोधले. थोरला आणि धाकटा या अर्थांचे 'बुजुर्ग' आणि 'खुर्द' हे फारसी शब्द दप्तरांतून आले आणि 'बुद्रुक-खुर्द' अशी जोडी रूढ झाली. पिंपळगावांतून पिंपळगाव बसवंत आणि पिंपळगाव हरेश्वर वेगळे काढले गेले. पुणे जिल्ह्यात देवाची आळंदी आहे, तशी म्हातोबाची आळंदीही आहे. ज्ञानदेवांच्या पूर्वजांचे म्हणून सांगितले जाणारे आपेगाव आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पैठण तालुक्यात, गोदातीरी आहे. त्याच नावाचे गाव बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई तालुक्यातही आहे.

व्यवहारात हे विशेषण आवश्यक ठरले. परंतु ग्रंथकर्त्यास त्याची गरज भासत नसे. आपल्या श्रोत्यांना आपण कोणत्या गावाविषयी बोलतो हे ठाऊक आहे, असे तो गृहीत धरी. सातशे वर्षांनंतरचा वाचक त्या श्रोतृवर्गात नाही, ही आपली मूळ अडचण होय.

बिरुदांमुळे यात आणखी भर पडते. देवगिरीचे यादव आणि द्वारसमुद्राचे होयसळ ही दोन्ही घराणी स्वतःस यदुवंशीय म्हणवीत आणि 'द्वारावतीपुरवराधीश्वर' हे बिरुद दोघेही लावीत. येथे द्वारावती हे राज्याचे ठिकाण नसून वंशाभिमानाचे चिन्ह आहे. स्थलनाम आले म्हणजे स्थलनिर्देश झालाच, असे मानता येत नाही, हे यावरून लक्षात यावे.

३. मुकुंदराज : तीन राजे आणि दोन नगरे

मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु'चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, मानला जातो. हा काळ स्वीकारला तर शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षे आधी मराठीत स्वतंत्र तत्त्वविवेचक ग्रंथ निर्माण झाला होता, असे म्हणावे लागते. मुकुंदराजांना 'आद्य कवी' ही पदवी याच आधारावर दिली जाते. म्हणून येथे प्रश्न एका ग्रंथाच्या तिथीपुरता राहत नाही. मराठी ग्रंथरचनेचा आरंभ कोठे व कोणत्या संप्रदायात झाला, हे त्यावर अवलंबून आहे.

शकाचा उल्लेख करणारी ओवी सर्व हस्तलिखितांत आढळत नाही. त्यामुळे अभ्यासकांना अन्य पुराव्याकडे वळावे लागले आणि ग्रंथातील राजनामे व स्थलनामे महत्त्वाची ठरली. ग्रंथाच्या निवेदनानुसार नृसिंहाचा पुत्र बल्लाळ, त्याचा पुत्र जैतपाळ आणि या जैतपाळासाठी ग्रंथाची रचना झाली. यातील 'जैतपाळ' हे नाव घेऊन पहिला तर्क यादवांकडे जातो. भिल्लम पाचवा याच्यानंतर इ. स. ११९१ च्या सुमारास त्याचा पुत्र जैतुगी किंवा जैत्रपाल गादीवर आला. नाव जुळते आणि काळही जवळचा आहे. परंतु पिता जुळत नाही. जैत्रपालाचा पिता भिल्लम, बल्लाळ नव्हे. शिवाय शके १११० खरा मानला तर त्या वर्षी देवगिरीस भिल्लमच राज्य करीत होता. सिंघणाच्या पुत्राचे नावही जैतुगी होते. परंतु तो पित्याच्या हयातीतच निवर्तला.

आता उरलेली दोन नावे घेऊ. नृसिंहाचा पुत्र बल्लाळ हा क्रम होयसळ वंशात तंतोतंत सापडतो. पहिल्या नरसिंहानंतर इ. स. ११७३ मध्ये त्याचा पुत्र वीरबल्लाळ राजा झाला आणि त्याने भिल्लमाशी युद्धही केले. काळही नेमका जुळतो. मात्र बल्लाळाचा उत्तराधिकारी पुन्हा नरसिंह आहे, जैतपाळ नव्हे. म्हणजे तीन नावांपैकी एक यादवांकडे आणि दोन होयसळांकडे निर्देश करते. त्रयी म्हणून पाहिले असता दोहोंपैकी कोणत्याही वंशावळीत ती बसत नाही.

तिसरा पर्याय मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यातील खेरल्याचा. तेथील जैतपाळ राजा आणि मुकुंदराज स्वामी यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवण्याइतक्या अवधीत ब्रह्म दाखवा, असा हट्ट धरून साधूंचा छळ करणाऱ्या राजास मुकुंदराजांनी अनुभव दिला, असे ती सांगते. येथे राजा आणि स्वामी ही जोडी एकत्र येते, हे या पर्यायाचे बळ होय. परंतु हा पुरावा आख्यायिकेचा आहे. ग्रंथातून आख्यायिका निघाली की आख्यायिकेतील राजा ग्रंथात आला, हे आख्यायिका स्वतः सांगू शकत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फिरोजशाह बहमनीच्या काळी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, खेरल्यास नरसिंगराय नावाचा राजा होता. केवळ 'नृसिंह' या नावाचा आधार घेऊन ग्रंथाचा काळ दोन शतके पुढे ओढावयाचा म्हटला, तर तसेही करता येईल. नावाच्या आधारे इतके परस्परविरुद्ध निष्कर्ष काढता येत असतील, तर एकट्या नावाचे पुरावामूल्य किती, असा प्रश्न पडतो.

स्थळाच्या बाबतीत हीच स्थिती आहे. ग्रंथात वैन्यागंगेच्या तीरावरील अंबानगरीचा निर्देश येतो. मराठवाड्यातील आंबेजोगाई हे यादवकाळातील महत्त्वाचे नगर होते. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्याशी संबंधित शिलालेख तेथे आहेत. मुकुंदराजांची समाधी बालाघाटाच्या दरीत दाखवली जाते. समाधीची उपासना दीर्घकाळ चालू आहे. विदर्भातील अंभोरे हे वैनगंगेच्या काठी आहे आणि मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांची स्मृती तेथे जपली गेली आहे. नदीचे नाव विदर्भाकडे झुकते. नगराचे नाव आणि समाधी मराठवाड्याकडे झुकतात. 'वैन्यागंगा' ऐवजी 'बाणगंगा' असा पाठ घेतला, तर आंबेजोगाईच्या परिसरातील वाण नदीशी ध्वनिसाम्य साधता येते. परंतु येथे पद्धतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. स्थळ आधी निश्चित करून त्यास अनुकूल पाठ निवडणे आणि पाठ आधी निश्चित करून स्थळ शोधणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीस संशोधन म्हणता येणार नाही.

यातून मार्ग काढावयाचा तर 'एक व्यक्ती, एक स्थळ' हे गृहीतक शिथिल करावे लागेल. ग्रंथ जेथे रचला गेला, गुरूचे वास्तव्य जेथे होते आणि समाधी जेथे आहे, ती ठिकाणे एकच असली पाहिजेत असे नाही. ज्ञानेश्वरी नेवाशास सांगितली गेली आणि समाधी आळंदीस झाली, यात कोणास विसंगती वाटत नाही. मुकुंदराजांच्या बाबतीत मात्र दोन स्थळांपैकी एकास खोटे ठरविल्याशिवाय वाद मिटणार नाही, अशी भूमिका दोन्ही बाजूंनी घेतली जाते. हा प्रादेशिक अभिमानाचा परिणाम आहे आणि त्यामुळे मूळ प्रश्न, म्हणजे हस्तलिखितांच्या आधारे 'विवेकसिंधु'ची विश्वसनीय संहिता सिद्ध करण्याचा प्रश्न, मागे पडतो.

४. तीन चांगदेव

तेराव्या शतकाच्या आगेमागे 'चांगदेव' हे नाव किमान तीन प्रसिद्ध व्यक्तींचे होते. पहिला भास्कराचार्यांचा नातू. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास जैत्रपालाने आपल्या राज्यात पंडितांत अग्रस्थान दिले आणि लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापन केला आणि निकुंभवंशीय सामंतांनी त्यास दान दिले. दुसरे चांगदेव राऊळ, म्हणजेच महानुभाव संप्रदायाच्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणी. फलटणात जन्मलेले आणि द्वारावतीस वास्तव्य केलेले. तिसरे योगी चांगदेव वटेश्वर, ज्यांना उद्देशून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे पत्र लिहिले. त्यांच्या नावे असलेल्या 'तत्त्वसार' या ग्रंथात शके १२३४, परिधावी संवत्सर, असा काळ आणि हरिश्चंद्रगड हे स्थळ येते. शक आणि संवत्सर यांचा मेळ बसतो, ही त्या निर्देशाच्या विश्वसनीयतेच्या बाजूची गोष्ट होय.

या तिघांना वेगळे करणे आज आपल्याला सोपे जाते, कारण प्रत्येकाविषयी भिन्न जातीचा पुरावा उपलब्ध आहे. एकाचा शिलालेख आहे, दुसऱ्याविषयी सांप्रदायिक चरित्रवाङ्मय आहे, तिसऱ्याचा ग्रंथ आहे. हा पुरावा नसता तर काय झाले असते? ११२८ ते १२३४ या शकांमध्ये एकशे सहा वर्षांचे अंतर आहे. दोन्ही उल्लेख एकाच चांगदेवाचे मानले असते, तर तो दीडशे वर्षे जगला असे म्हणावे लागले असते. आणि महानुभाव परंपरेतील चांगदेव त्यात मिळविले असते, तर आयुर्मर्यादा आणखी वाढली असती. योगी चांगदेव चौदाशे वर्षे जगले ही लोककथा सर्वश्रुत आहे. ती नामसाम्यातून जन्मली असा दावा करण्यास आधार नाही. योगसामर्थ्याची कल्पना तिच्या मुळाशी असणे अधिक स्वाभाविक आहे. तथापि, एका नावाखाली अनेक पिढ्यांच्या स्मृती जमा होण्यास अशी कथा अनुकूल भूमी निर्माण करते, एवढे म्हणता येईल.

स्थळांच्या बाजूनेही येथे एक धडा मिळतो. जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णा संगमावर चांगदेव नावाचे गाव व मंदिर आहे, तर समाधी अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे दाखवली जाते. संगमावरील चांगदेव ज्या तालुक्यात येते, त्या एदलाबादचे नावही पुढे मुक्ताईनगर झाले. नामांतराने संतपरंपरेची स्मृती ठळक झाली. परंतु जुन्या कागदांत 'एदलाबाद' वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ते हेच ठिकाण होय हे आता कोणीतरी सांगावे लागते. समान नावांइतकीच बदललेली नावेही अभ्यासकाची परीक्षा पाहतात.

५. नामा आणि ज्ञानदेव : परस्परांत गुंतलेले प्रश्न

नामदेवांच्या गाथेचा प्रश्न यापेक्षा अधिक बिकट आहे. संत नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५०. एकनाथकालीन, म्हणजे सोळाव्या शतकातील, विष्णुदास नामा हा महाभारतावर ओवीबद्ध रचना करणारा आणि शुकाख्यानाचा कर्ता. यांशिवाय अश्वमेधावर रचना करणारा नामा पाठक आहे. विष्णुदास नाम्याची अनेक पदे नामदेवांच्या गाथेत मिसळली आहेत, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. अडचण अशी की केवळ नाममुद्रेवरून विभागणी करता येत नाही. 'विष्णुदास' हे वस्तुतः विशेषनाम नसून विष्णूचा दास एवढाच त्याचा अर्थ आहे आणि संत नामदेवही स्वतःस तसे म्हणवू शकतात. नाममुद्रा ही कवीची स्वाक्षरी खरी. पण ज्या स्वाक्षरीत सामान्यनाम आहे ती अनेकांची होऊ शकते.

बाह्य पुराव्याचा उपयोगही जपून केला पाहिजे. शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत आणि त्या ग्रंथाचे संकलन १६०४ मध्ये झाले. म्हणून ती पदे त्या वर्षापूर्वीची, हे निश्चित. परंतु विष्णुदास नामाही १६०४ पूर्वीचाच असल्यामुळे केवळ या तिथीवरून निवाडा होत नाही. भाषा, विषय आणि पंजाबातील नामदेव-परंपरा यांचा आधार घ्यावाच लागतो.

या मिश्रणाचा परिणाम नामदेवांपुरता थांबत नाही. ज्ञानदेवादी भावंडांच्या चरित्राचे आपले ज्ञान फार मोठ्या प्रमाणात नामदेवांच्या 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' या अभंगप्रकरणांवर उभे आहे. हे अभंग संत नामदेवांचे असतील, तर ती समकालीन साक्ष ठरते. त्यांतील काही भाग उत्तरकालीन नाम्याचा असेल, तर ती अडीचशे वर्षांनंतरची सांप्रदायिक स्मृती ठरते. स्मृती म्हणून तिचे मोल कमी होत नाही. परंतु साक्ष आणि स्मृती यांचा उपयोग वेगळ्या रीतीने करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारका'त जो वाद उपस्थित केला, त्याचा विचार या पार्श्वभूमीवर व्हावयास हवा. ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्ञानेश्वरीत नाथपंथीय शैव वळण दिसते, अभंगांत विठ्ठलभक्ती; ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची तुलनेने अर्वाचीन. निरीक्षणे म्हणून ही दुर्लक्षणीय नाहीत. प्रश्न निष्कर्षाचा आहे. अभंग मुखपरंपरेने गायिले गेले. गाणाऱ्याच्या जिभेवर भाषा बदलत जाते. ज्ञानेश्वरीची संहिताही अस्पर्शित राहिलेली नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले. भाष्य आणि भजन या दोन भिन्न वाङ्मयप्रकारांत एकाच कवीचा सूर भिन्न असू शकतो. म्हणून एकच ज्ञानदेव मानण्याकडे बहुसंख्य अभ्यासकांचा कल राहिला.

भारद्वाजांचा सिद्धान्त मागे पडला तरी त्यांच्या प्रश्नाने दोन गोष्टी साध्य केल्या. अभंगांच्या संहितेकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची आवश्यकता तिच्यामुळे पुढे आली आणि श्रद्धेचा विषय असलेल्या कवीविषयीही कर्तृत्वाचा प्रश्न विचारता येतो, हे मराठीत रुजले.

६. काही पथ्ये

वरील विवेचनातून अभ्यासकाने पाळावयाची काही पथ्ये सुचतात. पहिले, सुटे नाव हा पुरावा नसून पुराव्याकडे नेणारी खूण आहे. पिता, गुरू, ग्राम, उपास्यदैवत आणि काळ यांपैकी किमान दोन गोष्टी स्वतंत्रपणे जुळल्याखेरीज एकत्व मानू नये. दुसरे, नामावळी आली असेल तर ती संपूर्ण क्रमाने जुळवावी; जैतपाळाच्या बाबतीत एकेक नाव सुटे घेतल्यामुळे तीन राज्यांचे दरवाजे उघडले, हे आपण पाहिले. तिसरे, द्वित्व मानण्यापूर्वी वाङ्मयप्रकार, मुखपरंपरा आणि लेखकूंचे हस्तक्षेप यांनी भेदाचे स्पष्टीकरण होते का, हे तपासावे. चौथे, शक आणि संवत्सर दोन्ही दिलेले असतील तेथे त्यांचा मेळ स्वतः गणित करून पाहावा. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही सहज करता येते. पाचवे, समाधी आणि स्मारके ही उपासनेच्या इतिहासाची प्रथम दर्जाची साधने आहेत. चरित्राची साधने म्हणून त्यांना अन्य पुराव्याची जोड हवी.

अध्यापनाच्या दृष्टीनेही याचा विचार व्हावा. 'आद्य कवी कोण' किंवा 'ज्ञानदेव एक की दोन' असे प्रश्न परीक्षेत विचारले जातात आणि विद्यार्थी एका पक्षाचे उत्तर पाठ करतात. त्याऐवजी 'विवेकसिंधु'तील राजनामांची त्रयी आणि यादव-होयसळांच्या वंशावळी फळ्यावर शेजारी-शेजारी मांडल्या, तर वाद कोठे आणि का अडतो हे एका तासात ध्यानात येते. 'नलदमयंतीस्वयंवराख्याना'चा कर्ता रघुनाथ पंडित आणि 'राजव्यवहारकोशा'शी ज्यांचे नाव निगडित आहे ते शिवकालीन रघुनाथ पंडित एकच की भिन्न, हा प्रश्न त्यानंतर विद्यार्थ्यांपुढे स्वतंत्र अभ्यासासाठी ठेवता येईल. विष्णुदास नाम्यासारखा समर्थ आख्यानकवी दीर्घकाळ आपल्याच नावाच्या थोर संताच्या सावलीत झाकला गेला. अशा कवींची रचना वेगळी काढून त्यांच्या पदरी घालणे हे अद्याप बरेचसे शिल्लक असलेले काम आहे आणि त्यासाठी हस्तलिखितांच्या सूचींपासून आरंभ करावा लागेल.